राणीची बाग: आधी झाडं, मग वाघ

सोलापूरच्या शाळेची मुंबईची सहल म्हणजे तीन ठिकाणं ठरलेली: गेटवे, तारांगण आणि राणीची बाग. मी भूगोल शिकवायचे, म्हणून सहल बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडायची, आणि मला ती आवडायचीही. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये मुलांना बसवायचं. गाडी हलली की डबे उघडायचे, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या डब्यातून त्या डब्यात फिरायची. सकाळी दादरला उतरायचं आणि लोकलनं भायखळा गाठायचं. स्टेशनपासून बाग चालत जाण्याइतकी जवळ. फाटकातून आत शिरलं की पोरं सुटायचीच. "बाई, वाघ कुठंय?" "बाई, हत्ती आधी!"

कितीतरी वर्षं मी नुसती त्यांच्यामागून धावले. मान वर करून झाड पाहिलं ते एका डिसेंबरात. मुलं मोजताना एक कमी भरला, म्हणून शोधत मागे आले, तर तो एका झाडापाशी हात जोडून उभा. त्या झाडाच्या खोडातूनच दोरांसारख्या फांद्या लोंबत होत्या, त्यांवर मोठी गुलाबी फुलं. फुलाच्या आत फणा काढल्यासारखा एक भाग आणि त्याच्याखाली बारीकशी पिंड. कैलासपती! सिद्धेश्वराच्या देवळाशेजारी वाढलेलं पोर ते. पिंड दिसली आणि हात आपोआप जुळले. शेजारी पाला गोळा करणारे माळीदादा म्हणाले, "बाई, लोक वाघ बघून जातात. बाग झाडांची हाय. जनावरं मागनं आली."

त्यांच्या त्या एका वाक्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की सार्वजनिक बाग म्हणजे नेमकं काय, ती कुणाच्या पैशातून उभी राहते, कुणाच्या हातात जाते आणि दर पिढी तिच्याकडे काय मागते, हे सगळंच उलगडत जातं. आज तोच सांगते.

आधी 'सार्वजनिक बाग' या शब्दांपाशी थोडं थांबू. बागा आपल्याकडे फार जुन्या आहेत. पण त्या बहुतेक कुणाच्या तरी असत: राजाची, सरदाराची, देवस्थानाची. सगळ्यांसाठी म्हणून काही करायची कल्पना आपल्याला नवी नव्हती, पण ती बागेपेक्षा पाण्याच्या रूपात जास्त दिसते. सिद्धेश्वर तलावाचंच पाहा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तो खणला. श्रम हीच पूजा मानणाऱ्या परंपरेतलं ते काम, आणि पाणी गावाचं. याउलट तलावाला लागून असलेला भुईकोट किल्ला. बहामनी काळातला हा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात कितीतरी वर्षं भांडणाचं कारण होता. चांदबिबीच्या लग्नात तो आंदण म्हणून दिला गेला होता. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. त्याचा खंदक खणला होता तो कुणी आत येऊ नये म्हणून. आज किल्ल्याला लागूनच हुतात्मा बाग आहे आणि संध्याकाळी तिथे आजोबा नातवंडांना घेऊन येतात. माणसं बाहेर ठेवायला राखलेल्या जागेशेजारी आज कुणीही येऊन बसतं. जागेचा वापर असा पार उलटा होऊ शकतो. राणीच्या बागेत तो एकदा नाही, चारपाच वेळा बदलला.

तिची सुरुवात भायखळ्यात झाली नाही. १८३० मध्ये मुंबईत शेती आणि बागकामासाठी एक संस्था निघाली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. मराठीत 'पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था' म्हणू. वर्गणी भरणारे सभासद, त्यांत इंग्रज अधिकारी आणि इथले व्यापारी. संस्थेची पहिली बाग शिवडीला होती.

त्या काळात अशा संस्था जगभर का निघत होत्या, हे समजून घेतलं पाहिजे. तेव्हा वनस्पती हे हौसेबरोबरच व्यापाराचंही मोठं साधन होतं. ऊस, कापूस, चहा, मसाले, रंग, औषधं, लाकूड, सगळं झाडांतूनच येणार. एका देशातलं पीक दुसऱ्या देशात रुजलं की नशीब पालटायचं. म्हणून परक्या मुलखातलं बी किंवा रोप आणायचं, आपल्या हवेत ते तगतं का ते पाहायचं, तगलं तर वाटायचं. शेतकऱ्याला हे नवीन नाही. दुसऱ्या गावाहून आणलेलं बियाणं तो आधी बांधाजवळच्या एका पट्ट्यात लावून बघतो. शिवडीची बाग हा असाच एक पट्टा होता, फक्त गावं फार लांबची होती.

पण रोप समुद्रावरून आणायचं कसं? सुएझचा कालवा १८६९ चा. त्याआधी जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं, प्रवासाला महिनेच्या महिने लागायचे. डेकवर ठेवलेली रोपं खाऱ्या वाऱ्यानं जळायची. पिण्याचं पाणी माणसांनाच मोजून मिळायचं, तिथे रोपांना कोण घालणार? शंभर रोपं निघाली तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोचायची. हा प्रश्न सुटला तो लंडनमधल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरमुळे. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका बंद बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोश ठेवला होता. पतंगाकडे लक्ष असताना त्यांना दिसलं, की बाटलीतल्या मातीत नेच्याचं एक रोप आपोआप उगवलंय आणि पाणी न घालता जगतंय. दिवसा मातीतला ओलावा वाफ होऊन काचेला लागतो, गार झालं की थेंब होऊन परत मातीत पडतो. पावसाचं चक्रच ते, फक्त वीतभर उंचीचं. मग त्यांनी लाकूड आणि काच वापरून घट्ट बंद पेट्या केल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या लंडनहून सिडनीला पाठवल्या आणि रोपं जिवंत पोचली. पुढे चीनमधली चहाची हजारो रोपं भारतात आली ती याच पेट्यांतून.

वर्गात मी हे शिकवताना लोणच्याची रिकामी बरणी घ्यायचे. तळाशी ओली माती, त्यात पुदिन्याची काडी, वरून झाकण घट्ट. आठ दिवसांनी काचेवरचे थेंब बघून मुलांना पाठ्यपुस्तकातलं जलचक्र जेवढं कळायचं, तेवढं फळ्यावरच्या आकृतीनं कधी कळलं नाही.

आता आपल्या ओळखीचं एक झाड घेते, गुलमोहर. सोलापुरात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, डांबर मऊ होतं, कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत, आणि नेमका तेव्हाच गुलमोहर पेटल्यासारखा फुलतो. आपल्याला तो इथलाच वाटतो. तो मूळचा मादागास्करचा. मुंबईत तो प्रथम दिसला तो १८४० च्या सुमारास, शिवडीत, असं वनस्पतींवर लिहिणारे सांगतात. संस्थेची बाग होती त्याच शिवडीत. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या कुणाच्या पणज्यानं गुलमोहर पाहिलेला नसणार, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

पुढे शिवडीची जागा युरोपियन लोकांच्या दफनभूमीसाठी गेली. आजची शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ती हीच. बागेसाठी १८६१ मध्ये भायखळा-माझगावच्या बाजूला सुमारे ३३ एकर जमीन घेण्यात आली. आज भायखळा म्हणजे मुंबईच्या पोटातला भाग, पण तेव्हा तो शहराबाहेरचा, बंगले आणि मोकळी जमीन असलेला इलाखा होता. शहराच्या कडेला म्हणून केलेली बाग पुढे शहराच्या मधोमध आली. बाग जागची हलली नाही, शहर तिच्याकडे चालत आलं.

१९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते बाग लोकांसाठी खुली झाली. नाव ठेवलं 'व्हिक्टोरिया गार्डन्स'. १८५७ चा उठाव मोडल्यावर कंपनीचं राज्य जाऊन राणीचं राज्य आलेलं होतं, आणि जे नवं उभं राहील त्याला राणीचं नाव देण्याचा तो काळ होता. लोकांनी त्या इंग्रजी नावाचं सरळ मराठी करून टाकलं, राणीची बाग. पुढे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. पाटीवर ते आहे आणि असायलाच हवं. पण भायखळ्याच्या टॅक्सीवाल्याला आजही राणीची बाग म्हटलं की पुरे.

बाग खुली झाली त्याच दिवशी तिच्या आवारात संग्रहालयाची पायाभरणीही झाली. आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ते हेच. यासाठी धडपडणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते, डॉ. भाऊ दाजी होते, डेव्हिड ससून होते, जॉर्ज बर्डवुड नावाचे इंग्रज डॉक्टर होते. वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या धंद्यांतली ही माणसं. शहराला शाळा हवी, दवाखाना हवा, तसं पाहायला आणि फिरायला एक ठिकाणही हवं, असं त्यांना वाटलं. त्यामागे राजनिष्ठा दाखवण्याचा भाग होताच, तो झाकायचं कारण नाही. पण मुंबईतल्या सामान्य माणसाच्या पदरात एक बाग पडली, हेही तितकंच खरं.

आता पैशांचं बघू. इथे आपलं सोलापूर या गोष्टीत शिरतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनचा, वऱ्हाडचा, गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून जायचा, म्हणजे पैसा मुंबईत यायचा. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला येऊन पोचली होती; दख्खनचा माल बंदरावर न्यायला रूळ तयार होते. मुंबईतल्या कितीतरी देणग्या, मनोरे, इस्पितळं आणि वाचनालयं त्या काळातली आहेत. बागेच्या आवारात उभा असलेला घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या नावाचा आहे, तोही त्याच सुमाराचा. मग १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, आणि शेअरच्या नादात बुडालेल्या मुंबईत एकामागून एक पेढ्या बसल्या. संग्रहालयाचं बांधकाम अडलं. शेवटी सरकारनं हात दिला आणि ते १८७२ मध्ये उघडलं.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८७७ मध्ये, मुंबईच्याच मोरारजी गोकुळदास यांनी सोलापुरात कापडगिरणी काढली, आपली जुनी मिल. ज्या कापसानं मुंबईत मनोरे उभे केले, त्याच धाग्यानं सोलापूरला गिरणगाव केलं. जुन्या मिलचा भोंगा ऐकत ज्यांची घरं चालली, त्यांच्या नातवंडांना घेऊन मी राणीच्या बागेत उभी असायचे, तेव्हा हा धागा मला स्पष्ट दिसायचा.

१८७३ साल मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं त्याच्याविषयी कुणी बोलत नाही. त्या वर्षी संस्था बंद झाली आणि बाग मुंबईच्या नगरपालिकेकडे आली. वाक्य दिसायला साधं आहे, पण त्यानं सगळं बदललं.

संस्थेची बाग वर्गणीवर चालते. वर्गणी देणारा विचारतो, नवं काय लावलं, कुठलं बी आलं, कुठलं तगलं? म्हणजे बागेचं मन झाडांत असतं. पालिकेची बाग करावर चालते. कर देणारा गिरणी कामगार विचारतो, रविवारी बायकामुलांना घेऊन गेलो तर बघायला काय आहे? हा प्रश्नही चुकीचा नाही. उलट, सार्वजनिक या शब्दाचा खरा अर्थ तिथूनच सुरू होतो. १८६४ च्या मोजणीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. परळ, लालबाग, भायखळा इथे गिरण्या वाढत गेल्या, एकेका चाळीच्या खोलीत दहा-दहा माणसं. त्यांना मोकळा श्वास घ्यायला जागा होतीच कुठे?

या प्रश्नाचं उत्तर म्हणून १८९० मध्ये बागेत आणखी सुमारे १५ एकर जागा आली आणि तिथे प्राणिसंग्रहालय झालं. माळीदादांचं 'जनावरं मागनं आली' ते हे. बाग खुली झाल्यावर जवळपास तीस वर्षांनी वाघाचा पिंजरा आला, आणि आल्या दिवसापासून त्यानं झाडांना मागे टाकलं. त्याचं मला नवल वाटत नाही. वाघ हलतो, डरकाळी फोडतो, पोरांकडे रोखून बघतो. झाड काहीच करत नाही. ते पन्नास वर्षांत एकदा तुमच्या लक्षात येतं.

त्यात जुने पिंजरे म्हणजे लोखंडी गज आणि सिमेंटची जमीन. दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे अशी येरझार घालणारं अस्वल मी पाहिलेलं आहे, आणि एका मुलीनं "बाई, ते आजारी आहे का?" असं विचारल्यावर मला उत्तर सुचलं नव्हतं. पुढे देशात प्राणिसंग्रहालयांसाठी कायदा आला, १९९२ मध्ये केंद्रीय प्राधिकरण आलं. प्राण्याला जागा किती हवी, सावली किती, लपायला आडोसा कसा, याचे नियम झाले. चांगलंच झालं. पण नियमाप्रमाणे प्रशस्त खंदक, तळी, आडोसे करायचे म्हटले की जमीन लागते, आणि राणीच्या बागेत जमिनीवर आधीच कुणीतरी उभं होतं.

बागेचा तिसरा वापर मला फार विलक्षण वाटतो. ती शहराची अडगळीची खोली झाली. आपण घरात जुना पाट, मोडकी पेटी, आजोबांचा फोटो माळ्यावर ठेवतो, टाकवत नाही म्हणून. मुंबईनं तसंच केलं. घारापुरी बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता. पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते त्याच्यावरूनच. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडून फुटला. तुकडे मुंबईत आले. १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला, तो आज संग्रहालयाच्या बाहेर आहे. मी मुलांना तिथे न्यायचे आणि सांध्यांवरून बोट फिरवायला सांगायचे. घारापुरीचा हत्ती घारापुरीला नाही, भायखळ्याला आहे, हे ऐकून ती चकित व्हायची.

आणि काळा घोडा. फोर्टमधल्या त्या भागाचं नाव ज्याच्यावरून पडलं, तो घोड्यावर बसलेल्या राजपुत्राचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा पुतळा. तो १८७९ मध्ये उभा राहिला होता. स्वातंत्र्यानंतर, १९६५ मध्ये, तो चौकातून काढून राणीच्या बागेत आणून ठेवला. सोलापूरकराला हा बदल वेगळा समजावून सांगायला नको. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर पेटलं, सरकारला इथे मार्शल लॉ लावावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यात फासावर गेले. आपल्या चौकात त्यांचे पुतळे आहेत. चौकात कुणी उभं राहायचं आणि बागेच्या कोपऱ्यात कुणी जायचं, हे ठरवायचा हक्क लोकांच्या हाती यायला मध्ये इतकं सगळं घडावं लागलं.

आता मी झाडांकडे परत येते, कारण मला मुख्य सांगायचं आहे ते त्यांचंच.

राणीच्या बागेत ३,००० हून अधिक झाडं आहेत आणि त्यांच्या २५० हून अधिक जाती. शहराच्या मध्यावर, एका कुंपणात. त्यांत उर्वशी आहे, मूळची ब्रह्मदेशची. एकोणिसाव्या शतकात युरोपातले वनस्पतिशास्त्रज्ञ तिच्यामागे वेडे झाले होते. तांबड्या फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे आमच्या पोरानं ज्याच्यापुढे हात जोडले, ते झाड सात समुद्रांपलीकडून आलेलं, आणि तरी इथल्या माणसानं त्यात शंकर पाहिला आणि त्याला नाव दिलं. झाड आपलं होतं ते असं. गोरखचिंच आहे, आफ्रिकेतली, पिंपासारख्या फुगलेल्या बुंध्याची. ती मात्र इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे, अरब आणि इतर व्यापाऱ्यांबरोबर आलेली. विजापूर आपल्यापासून शंभर किलोमीटर. तिथल्या जुन्या गोरखचिंचा ज्यांनी पाहिल्यात, त्यांना राणीच्या बागेतली लगेच ओळखू येते.

असा संग्रह म्हणजे केवळ सावली नाही. शाळकरी मुलगी ज्या झाडाचं पान पुस्तकात बघते, ते तिला इथे हातात मिळतं. संशोधकाला एकाच ठिकाणी चार खंडांतली झाडं एकाच हवेत कशी वागतात ते दिसतं. कुणी कधी फुललं, पाऊस लांबला तेव्हा कुणी पानं गाळली, याचा दीडशे वर्षांचा साक्षीदार तिथे उभा असतो.

२००७ च्या सुमारास पालिकेनं बागेचा कायापालट करायचा मोठा आराखडा मांडला. परदेशातल्या प्राणिसंग्रहालयांसारखं भव्य काही करायचं, असा त्यामागे विचार होता. तेव्हा मुंबईतले काही नागरिक, त्यांत स्त्रिया पुढे होत्या, कागद घेऊन बागेत उतरले. झाडं ओळखली, त्यांच्या नोंदी केल्या, जुने दस्तऐवज काढले आणि म्हणाले, ही आधी वनस्पतींची बाग आहे, वारसा आहे, याच्यावर बांधकाम रचू नका. वारसा जपणाऱ्या समितीपुढे विषय गेला. मूळ आराखडा होता तसा उतरला नाही, त्यात बदल करावे लागले. नंतरही नवी दालनं झाली. २०१६ मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले आणि २०१७ मध्ये लोकांना बघायला मिळाले. ते मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे समुद्रात गार पाण्याचा प्रवाह वाहतो, म्हणून इथे त्यांना कायम गार ठेवलेल्या दालनात राहावं लागतं. मुलं काचेला नाक लावून बघतात. त्यांच्या त्या आनंदाला माझी ना नाही.

पण एक साधी गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पेंग्विन विमानानं आणता येतो. पिंजरा पाडून दुसरा बांधता येतो. पुतळा क्रेननं हलवता येतो, फुटलेला दगडी हत्तीसुद्धा सांधता आला. दीडशे वर्षांचं झाड यांतलं काहीच करू देत नाही.

झाड मरतं कसं, तेही सांगते, कारण दर वेळी कुऱ्हाड लागते असं नाही. झाडाला जगवणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हातभर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. मातीच्या कणांमध्ये हवा असते, ती ही मुळं घेतात. बुंध्याभोवती सिमेंट ओतलं, फरशी बसवली, वरून सतत गाड्या गेल्या, की माती दाबली जाते, हवा संपते, पाणी मुरत नाही. मुळं गुदमरतात. वर पानं दोन-तीन पावसाळे हिरवीच दिसतात, म्हणून कुणाला कळत नाही. मग एका जोराच्या पावसात झाड आडवं होतं आणि पेपरात येतं, 'वादळी वाऱ्यानं झाड उन्मळलं'. वारा निमित्त असतो. सोलापुरातल्या रस्त्यांवरच्या कडुनिंबांचं मी हेच पाहिलं आहे. आळं मोकळं ठेवलं असतं तर त्यातले कितीतरी आजही सावली देत असते. आमच्या उन्हात एका कडुनिंबाची किंमत काय असते, ते भरदुपारी रिक्षा स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला विचारावं.

आपल्याकडे 'पार्क' म्हटलं की झाडांआधी मैदान डोळ्यांपुढे येतं, पार्क चौक, पार्क स्टेडियम. त्यात वावगं काही नाही, खेळायलाही जागा हवीच. पण शब्द जागच्या जागी राहतो आणि आतली वस्तू बदलून जाते, हे आपल्या शहरातही घडतं, ते लक्षात यावं म्हणून सांगितलं.

त्या डिसेंबरानंतर मी सहलीचा क्रम बदलला. आधी अर्धा तास झाडं, मग वाघ. पहिल्या वर्षी मुलांची तोंडं पडली होती. मग मी त्यांना एका जुन्या झाडाभोवती उभं केलं आणि हातात हात धरून बुंध्याला कवळ घालायला सांगितलं. आधी चौघांनी प्रयत्न केला, पुरलं नाही. मग आणखी दोघं आली, तरी वीतभर उरलंच. शेवटी कैलासपतीपाशी हात जोडणाऱ्या त्या पोराच्या धाकट्या बहिणीनं गळ्यातला स्कार्फ सोडून दोन हातांच्या मध्ये धरला आणि कडं पूर्ण झालं. सगळी ओरडली. वाघाचा पिंजरा त्या दिवशी अर्धा तास उशिरा पाहिला गेला, आणि कुणाची तक्रार आली नाही.

पुढच्या वर्षी नवा वर्ग होता. गाडी कुर्डुवाडीला पोचायच्या आतच वरच्या बर्थवरून आवाज आला, "बाई, त्या झाडाला आमच्यातली किती लागतील?"